जमिनीच्या पोटात तीन किलोमीटर

(आपण ज्या जमिनीवर उभे आहोत, तिच्या आत खोलवर काय असेल? ते पाहण्यासाठी सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी जमिनीला फार खोल छिद्र पाडले. ते कशासाठी पाडले, कसे पाडले आणि त्यातून काय कळले, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, तुमच्या गावात विंधण विहीर खणताना तुम्ही कधी पाहिली आहे का? मोठी गाडी येते. गाडीवरचा लोखंडी खांब उभा राहतो. धडधड आवाज सुरू होतो आणि एक लांब नळ गरगर फिरत जमिनीत शिरू लागतो. बाजूला मातीचा आणि दगडाचा चुरा उडतो. सगळे गाव भोवती जमते. "पाणी लागले का? किती फूट झाले?" असे जो तो विचारत असतो. शंभर फूट, दोनशे फूट, कधी कधी पाचशे फूट! पाणी लागले, की काम थांबते.

आता अशी कल्पना करा, की काम थांबलेच नाही. छिद्र खाली खाली जातच राहिले. हजार फूट झाले, पाच हजार फूट झाले, तरी यंत्र चालूच आहे. अशा छिद्रातून आपल्याला काय दिसेल?

हे नुसते कल्पनेतले नाही. आपल्या महाराष्ट्रात असे छिद्र खरोखरच पाडले आहे. त्याची खोली ३०१४ मीटर, म्हणजे तीन किलोमीटरहून थोडी जास्त आहे. कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे हे छिद्र जवळजवळ दोन कळसूबाई एकावर एक ठेवाव्यात इतके खोल आहे. पण ते पाण्यासाठी पाडलेले नाही. तेलासाठी नाही, की सोन्यासाठीही नाही. ते पाडले आहे एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. तो प्रश्न कोणता, हे समजून घेण्याआधी आपण पृथ्वीची थोडी ओळख करून घेऊ.

पृथ्वी किती मोठी!

पृथ्वीच्या पृष्ठभागापासून तिच्या केंद्रापर्यंतचे अंतर सुमारे ६३७० किलोमीटर आहे. पृथ्वीचे मुख्य तीन भाग मानतात. सर्वांत बाहेरचे भूकवच, त्याखाली प्रावरण आणि सर्वांत आत गाभा. आपली घरे, शेते, डोंगर, नद्या हे सारे भूकवचावर आहे. जेथे जमीन आहे, तेथे हे कवच साधारणपणे ३० ते ४० किलोमीटर जाड असते. समुद्राच्या तळाखाली ते बरेच पातळ असते.

तुमच्या शाळेच्या मैदानात एक प्रयोग करून पाहा. जमिनीत एक खुंटी रोवा. तिला सहा मीटर सदतीस सेंटिमीटर लांबीची दोरी बांधा. दोरीच्या टोकाला काडी धरून मोठे वर्तुळ काढा. ही झाली तुमची पृथ्वी. या पृथ्वीत एक मीटर म्हणजे एक हजार किलोमीटर. आता भूकवच किती जाड काढायचे? फक्त साडेतीन सेंटिमीटर! आणि आपले तीन किलोमीटरचे छिद्र? ते फक्त तीन मिलिमीटर, म्हणजे एखाद्या मुंगीएवढे! एवढी मोठी पृथ्वी आणि एवढेसे ते छिद्र. पण या एवढ्याशा छिद्रासाठी माणसाला किती कष्ट पडले, ते आता पाहू.

कोयनेची ती पहाट

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात कोयना नदीवर मोठे धरण आहे. धरणाची उंची १०३ मीटर आहे. धरणामुळे तयार झालेल्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. या पाण्यावर वीज तयार होते आणि ती महाराष्ट्रातील घरांत, कारखान्यांत पोचते.

१९६२ च्या सुमारास या जलाशयात पाणी साठू लागले. त्यानंतर थोड्याच काळात आजूबाजूच्या लोकांना जमिनीचे लहान लहान धक्के जाणवू लागले. भांडी वाजत, दारे थरथरत. हळूहळू लोकांना त्याची सवय झाली.

पुढे ११ डिसेंबर १९६७ चा दिवस उजाडायचा होता. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती. थंडीचे दिवस होते. माणसे गाढ झोपेत होती. अचानक जमीन जोराने हादरली. कोयनानगरमधील बहुतेक घरे पडली. सुमारे दोनशे माणसे मरण पावली. कितीतरी माणसे जखमी झाली, बेघर झाली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे ते अधिक मजबूत करण्यात आले. या भूकंपाची तीव्रता ६.३ इतकी होती.

या भूकंपाने साऱ्या जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष कोयनेकडे वळले. जलाशय भरल्यावर येथे धक्के का सुरू झाले? पाण्याचा आणि भूकंपाचा काही संबंध आहे का? कोयना परिसरात त्यानंतरही धक्के थांबले नाहीत. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा लहानशा भागात ते होत राहिले आहेत. त्यांतील बहुतेक इतके लहान असतात, की ते फक्त यंत्रालाच कळतात. काही मात्र माणसांना घराबाहेर पळायला लावतात. जवळच वारणा नदीवर दुसरे धरण झाले. त्याचा जलाशय भरल्यावर त्या बाजूलाही धक्के जाणवू लागले. पावसाळ्यात जलाशय भरल्यानंतर धक्क्यांची संख्या वाढते, असेही शास्त्रज्ञांना दिसून आले.

पाणी आणि खडक

पाण्यामुळे भूकंप कसा होईल? पाणी तर मऊ आणि खडक कठीण!

हे समजण्यासाठी एक लाकडी फळी घ्या. तिच्यावर एक वीट ठेवा. आता फळीचे एक टोक हळूहळू उचला. वीट लगेच घसरत नाही. फळी आणि वीट यांची एकमेकांवर पकड असते. फळी अशी तिरपी धरा, की आणखी थोडी उचलली तर वीट घसरेल. आता विटेखाली साबणाचे पाणी सोडा. पकड सैल होते आणि वीट सरकन खाली येते. पाण्याने विटेला ढकलले का? नाही. वीट घसरण्याच्या बेतात होतीच. पाण्याने फक्त तिची पकड सोडवली.

जमिनीखालच्या खडकांतही मोठमोठ्या भेगा असतात. काही भेगा कित्येक किलोमीटर लांब आणि खोल असतात. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घट्ट दाबून धरतात. त्यांच्यावर हजारो वर्षे ताण साठत जातो. जलाशयातील पाण्याचे वजन जमिनीवर पडते. शिवाय पाणी झिरपत झिरपत भेगांत शिरते. आत शिरलेले पाणी भेगेच्या दोन्ही बाजूंना दाब देते. त्यामुळे खडकांची पकड सैल होते. ताण आधीच खूप असेल, तर खडक एकदम सरकतात. त्याच वेळी जमीन हादरते. तोच भूकंप.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक धरणामुळे असे होत नाही. जगात हजारो धरणे आहेत. त्यांतील थोड्याच धरणांजवळ असे धक्के बसले आहेत. जेथे खालचे खडक आधीच सरकण्याच्या बेतात असतात, तेथेच पाणी निमित्त होते. कोयना हे त्याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण आहे.

कलिंगड पिकले का?

बाजारात कलिंगड घेताना आजोबा काय करतात? ते कलिंगडावर टिचकी मारतात आणि कान देऊन आवाज ऐकतात. आवाजावरून आतला गर कसा असेल, याचा ते अंदाज करतात. पण गिऱ्हाइकाची खात्री पटली नाही, तर विक्रेता सुरीने चौकोनी फोड कापून दाखवतो. मग आतला रंग डोळ्यांना दिसतो.

शास्त्रज्ञही तसेच करतात. भूकंपाच्या लहरी जमिनीतून प्रवास करतात. भूकंपमापक यंत्रे त्या लहरी टिपतात. त्यांवरून जमिनीत काय आहे, याचा अंदाज बांधता येतो. ही झाली टिचकी. पण खडक प्रत्यक्ष हातात घ्यायचा असेल, तेथील उष्णता आणि दाब मोजायचा असेल, तर छिद्र पाडण्यावाचून उपाय नाही. ती झाली फोड.

महाराष्ट्रात अशी एक फोड यापूर्वीही काढली होती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. हजारो माणसे त्यात मरण पावली. गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. त्या भागात एवढा मोठा भूकंप होईल, असे कोणाला वाटले नव्हते. भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडले. तेथे काळ्या खडकाचा थर ३३८ मीटर जाड निघाला. त्याखाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला.

कोयनेत मात्र याहून फार खोल जायचे होते. येथील धक्के जमिनीखाली काही किलोमीटरवर सुरू होतात. त्या जागेच्या शक्य तितके जवळ जायचे होते.

कामाला सुरुवात

२०११ मध्ये देशोदेशींचे शास्त्रज्ञ हैदराबादला आणि कोयनेला जमले. हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने पुढाकार घेतला. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने पाठबळ दिले. डॉ. हर्ष गुप्ता या भारतीय शास्त्रज्ञांनी कोयनेच्या भूकंपांचा अनेक वर्षे अभ्यास केला होता. त्यांचाही या कामात मोठा वाटा होता. कराडजवळ हजारमाची येथे या कामासाठी खास प्रयोगशाळा उभी राहिली. तिचे नाव बोरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळा.

पहिल्यांदाच एकदम खोल जायचे नाही, असे ठरले. आधी कोयना परिसरात निरनिराळ्या ठिकाणी सुमारे १५०० मीटर खोलीची नऊ छिद्रे पाडली. या छिद्रांतून खडकाच्या लांब लांब कांड्या बाहेर काढल्या.

कांड्या कशा काढतात? छिद्र पाडणाऱ्या नळाच्या टोकाला एक कडे असते. कड्यात हिऱ्यांचे बारीक कण बसवलेले असतात. हिरा हा सर्वांत कठीण पदार्थांपैकी एक आहे, म्हणून तो खडकाला कापू शकतो. कडे फिरते आणि खडक गोल कापत जाते. मधला भाग नळात तसाच राहतो. उसाच्या कांड्यासारखा दिसणारा खडकाचा हा तुकडा वर काढतात. शास्त्रज्ञ त्याला 'कोअर' म्हणतात. प्रत्येक कांडी नीट पुसतात, लांब पेटीत ओळीने ठेवतात. ती किती खोलीवरची आहे, ते पेटीवर लिहितात. कोयनेच्या अशा कांड्या कराडच्या प्रयोगशाळेत जपून ठेवल्या आहेत.

खडकांची गोष्ट

या कांड्या म्हणजे जणू पृथ्वीच्या इतिहासाचे पुस्तक आहे. पण हे पुस्तक उलटे वाचायचे असते. वरचे पान नवे आणि खालचे पान जुने!

वरची पाने काळ्या खडकाची आहेत. या खडकाला बेसाल्ट म्हणतात. आपले रायगड, प्रतापगड याच खडकावर उभे आहेत. अजिंठा-वेरूळची लेणी याच खडकात कोरली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो दूरवर पसरला आणि थंड झाला. मग पुन्हा लाव्हारस आला, पुन्हा थंड झाला. ताटात एकावर एक आंबोळ्या रचाव्यात, तसे थरावर थर साचत गेले. सह्याद्रीचे डोंगर दुरून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात, ते याच थरांमुळे.

हे थर किती जाड आहेत? कोयनेजवळ रासाटी येथील छिद्रात सुमारे ९३३ मीटरपर्यंत बेसाल्ट होता. त्याखाली एकदम वेगळाच खडक लागला. तो ग्रॅनाइटच्या जातीचा, फिकट रंगाचा आणि चमकणाऱ्या कणांचा होता. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त आहे. साडेसहा कोटी वर्षांचा खडक संपतो आणि त्याच्या खालीच अडीचशे कोटी वर्षांहून जुना खडक सुरू होतो! मधली सगळी पाने जणू फाटून गेली आहेत.

ग्रॅनाइट जमिनीच्या आत खोलवर, अगदी सावकाश थंड होऊन बनतो. मग तो पाहायला नेहमी छिद्रच पाडावे लागते का? नाही. काही ठिकाणी वरचे खडक ऊन, वारा, पाऊस यांनी लाखो-कोट्यवधी वर्षे झिजत जातात आणि आतला ग्रॅनाइट उघडा पडतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात गिरावीन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे ग्रॅनाइटचे भले मोठे उघडे डोंगर आणि एकमेकांवर तोललेल्या प्रचंड शिळा पाहायला लोक जातात. आपल्याकडेही चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत जुने खडक जमिनीवर दिसतात. कोयनेत मात्र त्यांच्यावर बेसाल्टचे जाड पांघरूण आहे. म्हणून तेथे छिद्र पाडावे लागले.

गोठण्याचे खोल छिद्र

नऊ छिद्रांमुळे खडकांची ओळख झाली. मग खरी परीक्षा सुरू झाली. कोयना धरणाच्या दक्षिणेला गोठणे येथे २० डिसेंबर २०१६ रोजी खोल छिद्राचे काम सुरू झाले.

उंच लोखंडी मनोरा उभा राहिला. मनोऱ्यावरून पोलादी नळ खाली सोडला. त्याच्या टोकाला खडक फोडणारे दणकट दातेरी पाते होते. एक नळ आत गेला, की त्याला दुसरा जोडायचा. दुसरा गेला, की तिसरा. असा एक नळ साधारणपणे नऊ मीटर लांब असतो. तीन किलोमीटर जायला असे तीनशेहून अधिक नळ लागतात. टोकाचे पाते झिजले, तर सगळे नळ एकेक सोडवत वर काढावे लागतात. पाते बदलायचे आणि सगळे नळ पुन्हा एकेक जोडत खाली सोडायचे. विहिरीतून घागर काढताना दोर ओढून आपले हात भरून येतात. येथे तर तीन किलोमीटरचा पोलादी दोर!

नळातून खाली पातळ चिखल सोडतात. हा साधा चिखल नसतो. तो खास माती कालवून तयार करतात. तो तीन कामे करतो. तापलेल्या पात्याला थंड ठेवतो. छिद्राच्या भिंतींना आधार देतो. आणि फुटलेल्या खडकाचा चुरा आपल्याबरोबर वर घेऊन येतो. कठीण खडकात काही वेळा हवेच्या दाबावर चालणारा हातोडाही वापरावा लागला.

वर आलेला चुरा शास्त्रज्ञ चाळणीत घेतात, धुतात, वाळवतात आणि पिशवीत भरून त्यावर खोली लिहितात. खोलवरचा चुरा वर यायला बराच वेळ लागतो. तेवढ्या वेळात पाते आणखी खाली गेलेले असते. म्हणून कोणता चुरा कोणत्या खोलीवरचा, याचा हिशेब फार काळजीने ठेवावा लागतो.

१२४७ मीटरवर बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. काम रात्रंदिवस चालू होते. ११ जून २०१७ रोजी, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, छिद्र ३०१४ मीटर खोल झाले. जवळजवळ सहा महिन्यांच्या कष्टांचे चीज झाले.

खाली काय सापडले?

छिद्र पाडून झाले म्हणजे काम संपले नाही. खरे तर तेथून अभ्यास सुरू झाला. लांब तारेला यंत्रे बांधून ती छिद्रात सोडली. कोणी उष्णता मोजली. कोणी छिद्राच्या भिंतींची चित्रे घेतली. कोणी भेगा कोणत्या दिशेला आहेत, ते पाहिले.

जमिनीत जसजसे खोल जावे, तसतशी उष्णता वाढते. पुष्कळ ठिकाणी दर किलोमीटरला ती २५ ते ३० अंशांनी वाढते. काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त. म्हणून खोल छिद्रात सोडायची यंत्रे उष्णता आणि दाब सोसणारी असावी लागतात.

आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे पाणी! तीन किलोमीटर खोलीपर्यंतही खडकाच्या भेगांत पाणी असल्याचे आढळले. ते कोणते पाणी होते, हेही तपासले. ते पावसाचेच पाणी होते. आकाशातून पडलेला पाऊस डोंगरात मुरतो आणि भेगाभेगांतून वाट काढत तीन किलोमीटर खाली पोचतो! फळी-विटेचा प्रयोग आठवला का? पाणी खोलवर जाऊ शकते, याचा पुरावा आता हाती आला होता. येथील खडकांवर आधीच खूप ताण आहे आणि थोडासा फरकही त्यांना सरकवू शकतो, हेही या अभ्यासातून दिसले.

जमिनीला लावलेले कान

आधीची १५०० मीटरची छिद्रेही वाया गेली नाहीत. त्यांतील काहींत खोलवर भूकंपमापक यंत्रे बसवली. ती जमिनीवरच का ठेवली नाहीत? तुमच्या वर्गात गडबड चालू असेल, तर टाचणी पडल्याचा आवाज ऐकू येईल का? नाही. सगळे गप्प बसले, तरच ऐकू येईल. जमिनीवरही अशीच गडबड असते. गाड्या धावतात, वारा वाहतो, झाडे हलतात, माणसे चालतात. खाली खडकात मात्र शांतता असते. म्हणून अगदी बारीक धक्काही तेथे टिपता येतो आणि तो नेमका कोठे झाला, हे अधिक अचूक सांगता येते.

आणखी खोल

माणसाने पाडलेले सर्वांत खोल छिद्र कोणते, असे तुम्हांला वाटत असेल. रशियात कोला नावाच्या अतिथंड प्रदेशात १९७० मध्ये एक छिद्र पाडायला सुरुवात झाली. ते १९८९ मध्ये १२,२६२ मीटर खोल पोचले. इतके खोल सरळ उभे छिद्र दुसरे नाही. पण त्याचे तोंड एखाद्या ताटाएवढेच रुंद आहे. तळाशी सुमारे १८० अंश सेल्सिअस उष्णता होती. पाणी तर १०० अंशांनाच उकळते! एवढ्या उष्णतेत खडक कसे वागतील, याचा आधी अंदाज नव्हता. पुढे जाणे अशक्य झाले. जर्मनीतही १९९४ मध्ये ९१०१ मीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले. तेथेही उष्णतेनेच वाट अडवली.

मैदानातली तुमची पृथ्वी आठवा. कोलाचे छिद्र तिच्यात फक्त सव्वा सेंटिमीटर होईल. माणूस चंद्रावर जाऊन आला, पण आपल्याच पायांखालचे कवच त्याला अजून पार करता आलेले नाही.

कोयनेतील शास्त्रज्ञांनी पुढचे लक्ष्य सुमारे सहा किलोमीटरचे ठरवले आहे. तीन किलोमीटरचे छिद्र ही त्याची पूर्वतयारी होती.

मग भूकंप आधी कळेल का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कोयनाकाठच्या माणसांच्या मनात तर तो कित्येक वर्षे आहे. याचे खरे उत्तर असे आहे, की भूकंप कधी आणि कोठे होईल, हे आज जगात कोणीही आधी नेमके सांगू शकत नाही. कोणी तसे सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये आणि अफवा पसरवू नये.

पण रोग कशाने होतो हे कळल्याशिवाय औषध सापडत नाही. तसेच खडक का सरकतात, पाणी त्यांना कसे सैल करते, सरकण्याआधी काही खुणा दिसतात का, हे कळल्याशिवाय पुढची पायरी गाठता येणार नाही. ती पायरी गाठण्यासाठीच शास्त्रज्ञ खडकाची एकेक कांडी तपासत आहेत.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? भूकंप माणसाला मारत नाही, पडणारे घर मारते. म्हणून घर भक्कम बांधणे आपल्या हातात आहे. धक्का बसला, तर गोंधळून न जाता मजबूत टेबलाखाली बसणे, डोके झाकणे, काचांपासून आणि जड कपाटांपासून दूर राहणे आपल्या हातात आहे. हादरे थांबल्यावर रांगेने मोकळ्या मैदानात जाणेही आपल्या हातात आहे.

मुलांनो, पुढच्या वेळी गावात विंधण विहीर खणताना पाहाल, तेव्हा बाजूला पडलेला थोडा चुरा मोठ्यांना विचारून हातात घ्या. त्याचा रंग पाहा. तो बोटांनी चोळून पाहा. ज्या खडकावर तुमचे गाव उभे आहे, त्याची ती पहिली ओळख असेल.

शब्दार्थ

विंधण विहीर – यंत्राने छिद्र पाडून केलेली अरुंद, खोल विहीर
भूकवच – पृथ्वीचे सर्वांत बाहेरचे कठीण आवरण
प्रावरण – भूकवचाखालचा थर
झिरपणे – हळूहळू आत मुरणे
निमित्त होणे – कारण घडणे
जमीनदोस्त होणे – पूर्ण पडून जाणे
कष्टांचे चीज होणे – कष्टांचे चांगले फळ मिळणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोयना धरणाच्या जलाशयाला काय म्हणतात?
(आ) गोठणे येथील छिद्र किती मीटर खोल आहे?
(इ) खडकाच्या कांडीला शास्त्रज्ञ काय म्हणतात?
(ई) तीन किलोमीटर खोलीवर सापडलेले पाणी कोणते होते?

प्र. २. का ते सांगा.
(अ) छिद्र पाडताना नळातून पातळ चिखल सोडतात.
(आ) भूकंपमापक यंत्रे खोल छिद्रात बसवली आहेत.
(इ) कोला येथील छिद्र आणखी खोल नेता आले नाही.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पाण्यामुळे भूकंपाला निमित्त कसे मिळते? फळी-विटेच्या प्रयोगावरून सांगा.
(आ) कलिंगडावर टिचकी मारणे आणि फोड कापणे ही उदाहरणे पाठात कशासाठी दिली आहेत?

प्र. ४. हिशेब करा.
एक नळ नऊ मीटर लांब आहे. ९०० मीटर खोल जायला असे किती नळ लागतील?

उपक्रम
(१) शाळेच्या मैदानात पाठात सांगितल्याप्रमाणे पृथ्वीचे वर्तुळ काढा. त्यात भूकवच, गोठण्याचे छिद्र आणि कोलाचे छिद्र दाखवा.
(२) तुमच्या परिसरातील चार निरनिराळे दगड जमवा. त्यांचा रंग, वजन आणि कण पाहून वहीत नोंद करा.
(३) गुरुजींच्या किंवा बाईंच्या मदतीने वर्गात भूकंपाच्या वेळी काय करायचे, याचा सराव करा.